फोकस पॉइंट कसा निवडावा: लग्नमंडपापासून रिंगणापर्यंत

नवरीचा चेहरा मऊ, आणि मागच्या भिंतीवरचं तोरण मात्र एकदम शार्प. असा फोटो दाखवणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो नव्या लेन्सचा. लेन्स क्वचितच दोषी असते. कॅमेऱ्याने फोकस अचूक केलेला असतो, पण भलत्या जागी, कारण तो कुठे करायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बहुतेक कॅमेरे खोक्यातून निघतात तेव्हा पॉइंट निवडायचं काम त्यांच्याकडेच सोपवलेलं असतं, आणि कित्येकजण वर्षानुवर्षं ते तसंच राहू देतात.

फोकस पॉइंटची सेटिंग म्हणजे कॅमेऱ्याला किती मोकळीक द्यायची याचा निर्णय. मेनूत नावं ढीगभर आहेत, कंपनीगणिक ती बदलतात, पण खाली प्रश्न दोनच आहेत. विषय मला फोकसच्या चौकटीत, म्हणजे कॅमेरा जिथे फोकस शोधतो त्या भागात, धरून ठेवता येईल का? आणि माझ्या व विषयाच्या मध्ये, किंवा विषयाला लागून, दुसरं काय आहे? धरता येत असेल तर चौकट लहान ठेवा. धरणं कठीण असेल आणि आसपास मोकळं असेल तर मोठी करा. हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, मुख्य आरशामागे एक छोटा दुय्यम आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली, फोकससाठीच बसवलेल्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत हे तो सेन्सर मोजतो. त्यावरून लेन्स पुढे न्यायची की मागे, आणि किती, हे एका झटक्यात कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात. मोजायला मात्र काहीतरी कड, रेघ, पोत लागतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर किंवा स्वच्छ निळ्या आकाशावर पॉइंट ठेवला की लेन्स पुढेमागे शोधत राहते, आपल्या भाषेत हंट करते.

सगळे पॉइंट सारखे नसतात. साधा पॉइंट एकाच दिशेच्या रेघा ओळखतो, क्रॉस टाइप पॉइंट उभ्या आणि आडव्या दोन्ही. निकॉन डी३५०० मध्ये ११ पॉइंट आहेत, त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप. कॅनन १५००डी मध्ये ९, तिथेही मधलाच. निकॉन डी७२०० मध्ये ५१ पैकी १५ क्रॉस टाइप आहेत. तुमच्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, असे पॉइंट किती आणि कुठे आहेत हे मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा. अंधारात हीच माहिती कामाला येते.

मिररलेसमध्ये आरसा नसतो आणि फोकससाठी वेगळा सेन्सरही नसतो. फोटो ज्या सेन्सरवर येतो त्याच्यावरच फोकस मोजला जातो, म्हणून पॉइंट जवळजवळ पूर्ण फ्रेमभर पसरतात. कॅननने २०१३ साली ७०डी मध्ये आणलेलं ड्युअल पिक्सेल तंत्र याच वाटेवरचं. सोनी ए६४०० मध्ये असे ४२५ फेज डिटेक्शन पॉइंट आहेत. आकडे मोठे दिसले तरी बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांतले पॉइंटही एकाच दिशेचा तपशील नीट वाचतात. साडीचा आडवा काठ, खिडकीच्या आडव्या झडपा किंवा क्षितिजाची रेघ यांवर कॅमेरा अडला, तर तो हातात थोडा तिरपा करा, फोकस घ्या आणि परत सरळ करा.

आणखी एक गोष्ट डीएसएलआरवाल्यांनी लक्षात ठेवावी. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन ही फक्त खूण आहे. सेन्सरचा खरा टापू सहसा त्याहून थोडा मोठा असतो. चौकोनात चंडोल बसलाय असं आपल्याला वाटतं, पण शेजारची गवताची काडीही त्या टापूत असते, आणि तिची कड पक्ष्याच्या पिसांपेक्षा जास्त ठळक असते.

पहिली पायरी: विषय थांबलाय की चाललाय

पॉइंटकडे जाण्याआधी फोकसची पद्धत ठरवा. थांबलेल्या विषयाला निकॉन आणि सोनीत एएफ-एस (एएफ म्हणजे ऑटोफोकस), कॅननमध्ये वन शॉट. शटर बटण अर्धं दाबलं की फोकस एकदा होतो आणि तिथेच राहतो. हलत्या विषयाला एएफ-सी, कॅननमध्ये सर्वो. यात बटण दाबून धरलंय तोवर कॅमेरा फोकस सतत सुधारत राहतो.

तिसरा पर्याय असतो एएफ-ए किंवा एआय फोकस. तिथे विषय हलतोय की नाही हे कॅमेराच ठरवतो. तो बंद ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. थांबलेल्या माणसाने मान वळवली की तो सर्वोत जातो, आणि घोडा धावू लागला तरी कधी कधी वन शॉटमध्येच अडकून राहतो. हा निर्णय आपण एका क्षणात घेऊ शकतो, मग तो दुसऱ्यावर सोडायचं काही कारण नाही.

याच पायरीवर नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. डी३५०० मध्ये एएफ-एस चालू असताना डायनॅमिक एरिया आणि थ्रीडी ट्रॅकिंग निवडताच येत नाहीत. कॅमेरा बिघडलेला नाही. ते पर्याय हलत्या विषयासाठी आहेत, आधी एएफ-सी लावा, मग दिसतील.

दुसरी पायरी: चौकट किती मोठी

आता खरा निर्णय. लहानापासून मोठ्याकडे जाऊ.

सगळ्यात लहान म्हणजे पिनपॉइंट किंवा स्पॉट. जाळीतून, कुंपणातून, पानांच्या फटीतून बघायचं असेल तेव्हा याच्याइतकं कामाचं काही नाही. पण हात थोडा हलला तरी तो विषयावरून घसरतो, आणि इतक्या लहान जागेत पोत कमी मिळाल्यामुळे अंधारात अडखळतो.

त्यानंतर सिंगल पॉइंट, कॅननमध्ये वन पॉइंट. कॅमेरा नवा असेल तर पहिले काही महिने हाच वापरा. फोकस चुकला तर का चुकला हे याच्यात लगेच कळतं, कारण निवड पूर्णपणे तुमची असते.

त्याहून मोठा निकॉनचा डायनॅमिक एरिया आणि कॅननचा एक्सपांड एरिया. यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत. डायनॅमिकमध्ये मुख्य पॉइंट तुम्ही निवडलेलाच असतो, आणि विषय त्याच्यावर धरून ठेवणं ही तुमचीच जबाबदारी असते. विषय क्षणभर निसटला तर आजूबाजूचे ९ किंवा २१ पॉइंट तेवढ्यापुरते सांभाळून घेतात. विषयाच्या मागे फ्रेमभर फिरणं हे त्यांचं काम नाही. ते काम थ्रीडी ट्रॅकिंगचं: तिथे पॉइंट स्वतः विषयाबरोबर सरकतो आणि ओळख पटवायला रंगाचा आधार घेतो. त्यामुळे हिरव्या झाडांपुढून लाल साडीतली बाई चालत गेली तर थ्रीडी छान चालतं. पांढऱ्या धोतर-सदऱ्यांच्या गर्दीत एका वारकऱ्यावर ते टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ग्रुप एरिया, जो निकॉन डी७५० किंवा डी५०० मध्ये मिळतो, आणि कॅननचा झोन यांचा स्वभाव निराळा आहे. यात गटातले सगळे पॉइंट बरोबरीचे, आणि त्यांच्यात जे सगळ्यात जवळ असेल त्याला सहसा प्राधान्य. मोकळ्या आकाशात उडणाऱ्या पक्ष्यासाठी हे वरदान आहे. पण पुढे एखादी फांदी आली तर कॅमेरा ती फांदीच पकडणार.

शेवटी ऑटो एरिया, वाइड, होल एरिया. सगळी मोकळीक कॅमेऱ्याला. चेहरा किंवा डोळा ओळखणारा मिररलेस असेल तर हे उपयोगी आहे, त्यावर पुढे येतोच. जुन्या किंवा सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये मात्र बहुधा सगळ्यात जवळची आणि ठळक वस्तू निवडली जाते. १५००डी मध्ये सर्वो लावून पॉइंटची निवड ऑटोवर ठेवली, तर कॅमेरा आधी मधल्या पॉइंटने फोकस घेतो आणि तिथून पुढे पाठलाग करतो. म्हणजे सुरुवात करताना विषय मधोमध हवाच.

तिसरी पायरी: पॉइंट हलवायची सवय

मधल्या पॉइंटने फोकस घ्यायचा, शटर अर्धं दाबून धरायचं आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावायची, ही रीत बहुतेकांना कोणीतरी शिकवलेली असते. लांबून काढलेल्या किंवा एफ/८ वरच्या फोटोला ती चालते. उघड्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे एफ/१.८ सारख्या लहान आकड्याला, जवळून, चालत नाही. का ते हिशोबानेच बघू.

फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ/१.८, माणूस १ मीटरवर. शार्प दिसणारी खोली साधारण ४ सेंटिमीटर, म्हणजे डोळ्याच्या पुढे २ आणि मागे २. आता मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस घेऊन कॅमेरा साधारण १३–१४ अंश खाली वळवला, म्हणजे उभ्या फ्रेममध्ये डोळे वरच्या भागात येतील. फोकसची पातळी सपाट असते आणि ती कॅमेऱ्याबरोबर फिरते, त्यामुळे आता ती डोळ्यापासून जवळपास पावणेतीन सेंटिमीटर मागे गेलेली असते. डोळे मऊ, कानाजवळचे केस शार्प. कॅमेरा बरोबर होता, लेन्स बरोबर होती, तरी फोटो गेला.

म्हणून आधी फ्रेम लावा, मग पॉइंट उचलून डोळ्यावर ठेवा. डी३५०० मध्ये मागचं चार दिशांचं बटण थेट पॉइंट हलवतं. १५००डी मध्ये आधी पॉइंट निवडीचं बटण, तेच ज्यावर भिंगाची खूण असते, दाबावं लागतं. वरच्या बॉडींमध्ये जॉयस्टिक असते. कॅनन आर५०, आर१० सारख्या मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असतानाही स्क्रीनवर अंगठा सरकवून पॉइंट हलवता येतो. तो पर्याय मेनूतून चालू करून घ्या. रोज घरी बसून, खिडकीतल्या कुंडीवर किंवा देव्हाऱ्यातल्या समईवर, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून पॉइंट इकडून तिकडे नेण्याचा सराव करा. बोटांना बटणं न बघता सापडली पाहिजेत.

उभी फ्रेम जास्त काढणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. बऱ्याच बॉडींमध्ये आडव्या आणि उभ्या पकडीसाठी वेगवेगळा पॉइंट लक्षात ठेवता येतो. कॅमेरा वळवला की पॉइंट आपोआप डोक्याच्या बाजूला जातो. फार कमी लोक ही सोय चालू करतात, आणि चालू केल्यावर कोणी बंद करत नाही.

फोकसचं काम शटर बटणावरून काढून मागच्या बटणावर द्यावं का? माझं उत्तर हो असं आहे. १५००डी मध्ये कस्टम फंक्शनमधल्या शटर/एई लॉक बटणाच्या पर्यायात ‘एई लॉक/एएफ’ निवडा, मग तारांकित बटण फोकस करतं. डी३५०० मध्ये एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन हे काम द्या. मिररलेसमध्ये सहसा एएफ-ऑन बटण असतंच, फक्त शटरचा फोकस बंद करायचा. मग एएफ-सी कायम लावून ठेवता येतं. बटण धरलं की पाठलाग, सोडलं की फोकस जागच्या जागी. पद्धत बदलायला मेनूत जावं लागत नाही.

लग्नमंडपात

आपल्याकडे कॅमेऱ्याची सगळ्यात कठीण परीक्षा लग्नातच होते. प्रकाश कमी, माणसं दाटीवाटीने, आणि क्षण परत येत नाहीत.

हळद आणि घरातले विधी सहसा बसून होतात. इथे सिंगल पॉइंट, जवळच्या डोळ्यावर. जवळच्या म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूच्या, कारण चेहरा तिरपा असेल तर दोन्ही डोळे एका पातळीत नसतात. नवरीने नथ घातली असेल तर विशेष सावध राहा. नथ चमकते, तिला कडा भरपूर, आणि ती डोळ्याच्या काही सेंटिमीटर पुढे असते. वरचा ४ सेंटिमीटरचा हिशोब आठवा: पॉइंट नथेवर अडकला तर मोत्यांचा सुरेख फोटो मिळेल, डोळ्यांचा नाही. मुंडावळ्यांचंही तसंच. त्या चेहऱ्यावरून लोंबतात, आणि डोळा ओळखणारे मिररलेस कॅमेरेही कधी कधी डोळ्याऐवजी त्याच पकडतात. चौकट डोळ्यावर दिसत असूनही फोटो मोठा करून तपासा. मुंडावळ्या शार्प असतील तर डोळ्याची ओळख बंद करा आणि लहान पॉइंट स्वतः ठेवा.

मंगलाष्टकं सुरू झाली की अक्षता पडायला लागतात. तुम्ही वधूवरांपासून लांब, मध्ये पाहुणे, आणि त्यांच्या हातून सुटलेले तांदूळ लेन्ससमोरून उडतायत. इथे झोन किंवा वाइड लावलं तर फोकस अक्षतांवर उडी मारतो. सिंगल पॉइंट किंवा फार तर एक्सपांड एरिया लावा, आणि त्याबरोबर एक सेटिंग बदला: मध्ये काही आलं तर कॅमेऱ्याने किती लवकर लक्ष हलवावं ते. कॅननच्या वरच्या बॉडींमध्ये ते ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी या नावाने असतं, ते उणेकडे न्या. निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स किंवा फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन, ते ५ कडे. सोनीत मात्र उलट आहे, तिथे १ म्हणजे चिकटून राहणारा आणि ५ म्हणजे चटकन सोडणारा. कॅमेऱ्याची कंपनी बदललेल्यांची इथे हमखास फसगत होते, म्हणून आकड्याशेजारचे शब्द वाचूनच ठरवा.

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. अंतरपाट धरलेला असतानाच नवरीच्या डोळ्यावर फोकस घेऊन ठेवा आणि मागचं बटण सोडा. अंतरपाट खाली येताना ते कापड पॉइंटच्या आड येऊ शकतं, तेव्हा फोकस पुन्हा घ्यायला लावणं धोक्याचं.

अंधार जास्त असेल तर मधला क्रॉस टाइप पॉइंट वापरा, मग फ्रेम नंतर कापावी लागली तरी चालेल. डी७५० किंवा डी७२०० सारख्या बॉडी उणे ३ ईव्हीपर्यंतच्या, म्हणजे अगदी अंधुक, उजेडात फोकस करू शकतात. पॉइंट गालावर ठेवू नका, तिथे पोत नसतो. केस आणि कपाळ यांच्या सीमेवर, भुवईवर, कुंकवाच्या कडेवर ठेवा.

स्टेजवरच्या कुटुंबाच्या फोटोत मात्र काळजी करण्यासारखं काही नाही. फुल फ्रेमवर ३५ मिमी, एफ/५.६, लोक ४ मीटरवर असतील तर साधारण २.६ मीटरपासून जवळपास ९ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. पुढच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर सिंगल पॉइंट ठेवा आणि लक्ष कोणाचे डोळे मिटलेत तिकडे द्या.

रिंगणात

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाजवळ होतं. गोल रिंगणं पुढे सदाशिवनगर, खुडूस, बाजीरावाची विहीर इथे. दोन्हींत फोकसचं गणित वेगळं आहे.

उभ्या रिंगणात वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावत येतात. तुम्ही त्या रांगेच्या टोकाकडे असाल तर घोडा सरळ अंगावर येतो, आणि ऑटोफोकसला यापेक्षा कठीण काम नाही, कारण अंतर दर क्षणाला घटत असतं. इथे एएफ-सी, डायनॅमिक ९ किंवा २१, अथवा एक्सपांड एरिया. झोन नको, कारण दोन्ही बाजूंच्या पताका आणि पुढे झुकलेली डोकी घोड्यापेक्षा जवळ असतात. घोडा लांब असतानाच बटण दाबून धरा. कॅमेऱ्याला त्याचा वेग समजायला थोडा वेळ मिळाला की तो पुढची जागा ओळखून चालतो. ऐन वेळी बटण दाबणाऱ्याला पहिले दोन-तीन फोटो मऊच मिळतात.

पॉइंट घोड्याच्या कुठे? डोळ्यावर ठेवावासा वाटतो, पण दौडताना डोकं वरखाली होतं. मान आणि छाती जिथे मिळतात तिथे ठेवा. २०० मिमी, एफ/४, घोडा १५ मीटरवर असेल तर फुल फ्रेमवर खोली १.३ मीटरच्या आसपास मिळते. छातीवर फोकस असला तरी चेहरा त्यात येतो. एफ/२.८ ला मात्र ही खोली मीटरभराच्या आत येते, म्हणून अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करून एफ/४ वर नेणं शहाणपणाचं. शटर १/१००० च्या खाली नको.

गोल रिंगणात एक घोडा स्वाराचा आणि एक माऊलींचा, ज्याच्यावर कोणी बसत नाही. दोघे फ्रेममध्ये एकामागोमाग येतात, आणि मोठी चौकट पुढच्यावरून मागच्यावर नाचत राहते. कोणता घोडा हवा ते आधी ठरवा. भाविकांचे डोळे माऊलींच्या अश्वाकडे असतात आणि माझा पॉइंटही त्याच्यावरच असतो. समोरच्या बाजूने घोडा गेला की तुमच्या आणि त्याच्यामध्ये रिंगणातली माणसं येतात. त्या वेळी बटण सोडा आणि घोडा परत उघड्यावर आला की पुन्हा धरा.

भिगवणला आणि ताडोबात

उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला, रोहित पक्षी नावेतून बघायला मिळतात. बसलेल्या पक्ष्याला एएफ-एस पुरेल असं वाटतं, पण नाव हलतेय, पुढे सरकतेय, म्हणजे अंतर बदलतंय. चालत्या नावेतून स्थिर पक्षीसुद्धा हलता विषय धरा आणि एएफ-सी लावा. पॉइंट सिंगल किंवा लहान डायनॅमिक. सकाळच्या तिरप्या उन्हात पाण्यावरच्या चमचमत्या ठिपक्यांना प्रचंड कडा असतात, आणि मोठी चौकट पक्ष्याला सोडून तेच पकडते.

थवा उडाला आणि मागे मोकळं आकाश असेल तर ग्रुप किंवा झोन. उडायच्या आधी, म्हणजे पाण्यावरून धावत असताना, मागे-पुढे इतर पक्षी असतात, तेव्हा लहान चौकट. लेन्सला १.४ एक्सचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावत असाल तर एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते, आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआरमध्ये मग फक्त मधला पॉइंट चालतो किंवा एकही नाही. निघण्याआधी घरीच लावून बघा.

ताडोबात गोष्ट उलटी आहे. बांबूच्या काड्यांमागे वाघ बसलाय, आणि काड्या तुमच्या बाजूला. स्पॉट किंवा सिंगल पॉइंट, फटीतून दिसणाऱ्या डोळ्यावर, एएफ-एस. तरीही काडीच पकडली जात असेल तर फोकसची रिंग हाताने फिरवा. बऱ्याच लेन्समध्ये ऑटोफोकस झाल्यावर मॅन्युअलवर न जाताही रिंगने दुरुस्ती करता येते. वाघ उठून रस्त्यावर आला आणि जिप्सीच्या दिशेने चालू लागला, की लगेच एएफ-सी आणि एक्सपांड एरिया. हा बदल दोन सेकंदांत व्हायला हवा, म्हणून दोन्ही सेटिंग कॅमेऱ्याच्या डायलवरच्या सी१-सी२ किंवा यू१-यू२ या आपल्या सेटिंगसाठीच्या जागांमध्ये आधीच साठवून ठेवा. ज्या बॉडींत हे नाही, तिथे मागच्या बटणाची पद्धत अर्धं काम करते.

निसर्गदृश्यांना फार विचार लागत नाही: सिंगल पॉइंट, एएफ-एस, ठळक कड असलेल्या दगडावर किंवा तटबंदीवर फोकस, मग मॅन्युअल. कासच्या पठारावर सीतेची आसवं अगदी जवळून काढायची असतील तर पॉइंटचा नाद सोडा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, मोठा करून हाताने फोकस करा आणि वारा थांबायची वाट बघा.

कॅमेरा डोळा ओळखतो, मग पॉइंट कशाला

नव्या मिररलेसमध्ये माणूस, प्राणी, पक्षी, वाहनं ओळखायची सोय आली आहे, आणि ती खरोखर चांगली आहे. लहान मुलं घरभर धावत असतील तर मी ऑटो एरिया आणि डोळ्याची ओळख लावा असंच सांगेन. पण मोकळीक दिली तरी हद्द आखून द्या.

पहिलं, विषयाचा प्रकार योग्य निवडा. पक्ष्यांना गेलात आणि मेनूत माणूसच राहिला, तर कॅमेरा नावाड्याचा चेहरा शोधेल. दुसरं, ट्रॅकिंग सुरू कुठून व्हावं ते तुम्ही ठरवा. कॅननमध्ये सर्वोचा पहिला पॉइंट आपण निवडलेला असावा असा पर्याय आहे. सोनीत ट्रॅकिंगबरोबर लहान स्पॉट लावता येतो. निकॉनमध्ये वाइड एरिया लहान ठेवून डोळ्याची ओळख त्याच्या आतच चालवता येते. गर्दीत हवा तो चेहरा या लहान चौकटीत घ्या, मग कॅमेऱ्याला पाठलाग करू द्या. तिसरं, ओळख बंद-चालू करायचं काम एखाद्या बटणाला द्या. मुंडावळ्या आडव्या आल्या की मेनू उघडायला वेळ नसतो.

शेवटी तपासणी

फोटो काढल्यावर पॉइंट कुठे होता ते बघा. कॅननमध्ये प्लेबॅकच्या मेनूत एएफ पॉइंट दाखवण्याचा पर्याय आहे, निकॉनमध्ये प्लेबॅक डिस्प्लेच्या पर्यायांत. संगणकावर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हेच दाखवतात. फोकस घेऊन कॅमेरा वळवला असेल तर ही खूण दिशाभूल करते, कारण ती फ्रेममधली जागा दाखवते, फोकस घेतला तेव्हाची नाही.

मग चुकलेला फोटो वाचा. दुसरीच एखादी वस्तू शार्प असेल तर पॉइंट किंवा चौकट चुकली. कुठेच काही शार्प नाही आणि सगळ्या ठिपक्यांना एकाच दिशेला शेपूट फुटलंय, तर हात हलला. फक्त हलणारा विषय पसरलाय आणि मागचं स्थिर सगळं शार्प आहे, तर शटर वाढवा.

पॉइंट बरोबर डोळ्यावर, हात स्थिर, तरी दर वेळी फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो, असं डीएसएलआरमध्ये होऊ शकतं. तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. एक छापील कागद समोर उभा लावा आणि शेजारी एक पट्टी तिरपी ठेवा, तिचा मधला आकडा कागदाच्या पातळीत. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या पॉइंटने कागदावर फोकस घेऊन काही फोटो काढा, तसेच लाइव्ह व्ह्यूमधून काढा. लाइव्ह व्ह्यूमधले बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमधले नेहमी एकाच बाजूला चुकलेले असतील तर लेन्स आणि बॉडीचा मेळ बसलेला नाही. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी मध्ये हा फरक मेनूतूनच काढता येतो, निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून आणि कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट या नावाने. डी३५०० आणि १५००डी मध्ये ती सोय नाही. त्यांना सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, आणि तिथे बॉडी व लेन्स दोन्ही एकत्रच द्यावीत, सोबत पट्टीचे फोटोही.